छत्रीला सूर्य दिसला, रेघ दिसेना : सूर्यावरची फिलामेंट्स आणि रेडिओ

सिन्नरी_भटक्या

मंडळी, विषय डोक्याला ताप देणारा आहे, पण इथं जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे ४० मिलिमीटरची एच-अल्फा दुर्बीण आहे, फक्त सूर्य बघायची. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा आत येतो, बाकी सगळा बाहेर. गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला गच्चीवर लावली तर सूर्याच्या वरच्या अर्ध्यात, जवळजवळ मधोमध, एक काळी रेघ. एका टोकाला दोन फाटे फुटलेले, मध्ये एके ठिकाणी तुटलेली. भिंगावर पापणीचा केस पडावा तशी. खरंच केस असेल म्हणून आयपीस पुसली, रेघ तिथंच. फिलामेंट, म्हणजे सूर्यावर अधांतरी लोंबकळणारा थंड वायूचा पट्टा! लांबी ताटलीच्या सातव्या हिश्शाएवढी, म्हणजे दोन लाख किलोमीटरच्या आसपास. पंधरा पृथ्व्या ओळीनं बसतील.

आता खरी गोष्ट. कुठंतरी वाचलं होतं की फिलामेंट रेडिओलहरींतही काळं दिसतं. गच्चीवर टीव्हीची ६० सेंटिमीटरची छत्री आहेच. बाजारातला स्वस्तातला सॅटफाइंडर, म्हणजे छत्रीत किती संदेश येतो ते दाखवणारा काटा, जोडला आणि छत्री सूर्याकडं वळवली. काटा टुणकन वर! मला आभाळ ठेंगणं. मग अगदी हळू छत्री सरकवत सूर्य ओलांडला. काटा चढतो, उतरतो, बस. रेघेचा मागमूस नाही. सात-आठ वेळा केलं.

वैतागून छत्री सोडली, ती फिरून शेजाऱ्यांच्या भिंतीकडं तोंड करून थांबली. काटा सूर्यापेक्षा वर! शेजाऱ्यांची भिंत सूर्यापेक्षा तळपती निघाली. त्यात आईची दुपारची मालिका बुडाली ती वेगळीच.

तर माझं नक्की काय चुकलं? आणि रेडिओतून फिलामेंट खरंच दिसतं का, की ती नुसती पुस्तकी गोष्ट?

मोरपंखी

वाचनखूण साठवली आणि पॉपकॉर्न घेऊन बसले. भिंतीचं रहस्य कुणीतरी उलगडा प्लीज.

(लहान मुलं वाचत असतील तर: एच-अल्फा दुर्बीण खास बनवलेली असते. साध्या दुर्बिणीतून सूर्य बघाल तर डोळा जाईल.)

शंकासुर

चुकलं काही नाही, हौस भारी पडली. टीव्हीच्या छत्रीतून सूर्यावरची रेघ म्हणजे वजनकाट्यावर हत्ती उभा करून त्याच्या पाठीवरची माशी मोजण्यासारखं.

हेमांगी_क

शंकासुर, उपमा विनोदी आहे पण बरोबर आहे. गणितच करून टाकू.

टीव्हीची छत्री १२ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकते, म्हणजे लहर अडीच सेंटिमीटरची. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर त्या लहरीला जवळजवळ तीन अंश रुंद. सूर्य जेमतेम अर्धा अंश. म्हणजे तुमच्या छत्रीच्या लेखी सूर्य हा एक ठिपका, तोही नजरेच्या एका कोपऱ्यात मावणारा. बाकी सगळं थंड आकाश. म्हणून १२ गिगाहर्ट्झला सूर्य ११-१२ हजार केल्व्हिनचा असला तरी छत्रीच्या पदरात साधारण दोनशे केल्व्हिन पडतात. शेजाऱ्यांची भिंत तीनशे केल्व्हिनची, आणि ती नजर काठोकाठ भरून टाकते. मोरपंखी, हेच तुमचं रहस्य. भटक्या, तुमचं मोजमाप चोख आहे!

आता रेघ. दोन लाख किलोमीटर लांब, धरू या दहा हजार किलोमीटर रुंद. सूर्याच्या ताटलीचा हा हजारावा भाग, जरा जास्त. आणि रेडिओत फिलामेंट काही कोळशासारखं काळं नसतं, भोवतालपेक्षा दहा-पंधरा टक्के थंड असतं. म्हणजे तुमच्या दोनशे केल्व्हिनमधून जातात चार शतांश केल्व्हिन. सॅटफाइंडरचा काटा तेवढ्यासाठी जागचा हलत नाही.

हे नीट बघायला किती मोठी छत्री हवी? सूर्यावरचे १० आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वेगळे दिसायचे तर पावणेदोन सेंटिमीटरच्या लहरीला चारेकशे मीटर. एवढी एकसंध छत्री कोण बांधणार? म्हणून लहान छत्र्या दूरदूर मांडतात आणि त्यांचे संदेश एकमेकांशी जुळवतात. जपानमधल्या नोबेयामानं हेच केलं. नागानो प्रांतातल्या डोंगरात ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे तुमच्यापेक्षा थोड्याच मोठ्या, ८४ छत्र्या. इंग्रजी टी अक्षरासारखी मांडणी, पूर्व-पश्चिम ४९० मीटर, उत्तर-दक्षिण २२० मीटर. १७ गिगाहर्ट्झला १९९२ पासून, पुढं ३४ गिगाहर्ट्झलाही. मार्च २०२० मध्ये बंद पडली. फिलामेंटवाल्यांसाठी ती घरची गाय होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, दिसतं. पण "काय" दिसतं हा प्रश्न जास्त मजेचा आहे. पोळ्या लाटायच्यात, रात्री लिहिते.

सिन्नरी_भटक्या

ताई, दंडवत. म्हणजे मी नकळत भिंतीचं तापमान मोजलं! आईला दाखवलं, ती म्हणाली, "मग आता ती छत्री जागेवर बसव."

ओतूरकर

आमच्या शिवारातून जीएमआरटीच्या, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, अँटेना दिसतात, तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. खोडदला तीस छत्र्या आहेत, एकेक ४५ मीटरची, मधल्या चौकात चौदा आणि बाकीच्या तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जपानी लोकांनी बाहुलीच्या छत्र्यांनी बघितलं, मग आपल्या अवाढव्य छत्र्यांना तर फिलामेंटचे केससुद्धा मोजता यावेत की?

शंकासुर

ओतूरकरांना मिसळीच्या वाटीऐवजी परात हवी.

हेमांगी_क

आले. ओतूरकर, तुमच्या प्रश्नातच सगळी मेख आहे, त्यामुळं जरा लांबण लावते.

फिलामेंट म्हणजे काय ते आधी. सूर्याचं बाहेरचं वातावरण, प्रभामंडल, दहा-वीस लाख केल्व्हिन तापलेलं आणि अतिशय विरळ. त्यात चुंबकीय क्षेत्राच्या झोळीत अडकलेला, आठ-दहा हजार केल्व्हिनचा, भोवतालपेक्षा शंभर पट घट्ट वायू लोंबकळत असतो. भट्टीत बर्फाची लादी टांगावी तसा प्रकार, आणि ही लादी आठवडे, कधी महिने टिकते. खाली जिथं चुंबकाचा उत्तर आणि दक्षिण ध्रुव समोरासमोर येतात त्या सीमेवरच ती असते. ताटलीवरून बघितलं की काळी रेघ, तीच सूर्याच्या कडेला आली की काळ्या आकाशावर उजळ कमान. वस्तू एकच. कडेला असताना तिला प्रॉमिनन्स म्हणतात.

एच-अल्फात ती काळी का? खालून येणारा लाल प्रकाश ती अडवते आणि चारी दिशांना उधळून देते. त्यामुळं त्या काळेपणावरून तापमान सरळ वाचता येत नाही, मधे बरीच आकडेमोड लागते. रेडिओचा हिशोब सोपा. तिथं मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या जवळून जाताना वळतात आणि लहरी सोडतात. वायू पुरेसा जाड असेल तर रेडिओची चमक म्हणजे थेट त्याचं तापमान. थर्मामीटर काखेत लावल्यासारखं. १७ गिगाहर्ट्झला शांत सूर्य १०,००० केल्व्हिनचा, फिलामेंटच्या जागी आकडा त्याच्या खाली. कडेबाहेर प्रभामंडल या लहरीला जवळजवळ पारदर्शक, म्हणून तिथं तोच वायू उजळ दिसतो.

आता मेख. वायू किती अपारदर्शक हे लहरीवर ठरतं. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की अपारदर्शकता चौथाई होते. उलट फ्रिक्वेन्सी कमी करत गेलं की विरळातलं विरळ प्रभामंडलही भिंतीसारखं आडवं येतं. शिवाय प्रत्येक घनतेला एक खालची मर्यादा असते, त्याखालची लहर आत शिरतच नाही. फिलामेंटमध्ये घन सेंटिमीटरला दहा अब्ज इलेक्ट्रॉन धरले तर ही मर्यादा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास. खोडदची दुर्बीण चालते साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे तिच्या बहुतेक पट्ट्यांतल्या लहरी फिलामेंटच्या आतून येतच नाहीत, ओतूरकर! परात मोठी आहे हो, पण वाढप वेगळं आहे.

ओतूरकर

म्हणजे आपल्या दुर्बिणीला दिसतच नाही? वाईट वाटलं.

हेमांगी_क

थांबा, रडू नका. फिलामेंटभोवती एक पोकळी असते. तिथलं प्रभामंडल शेजारच्यापेक्षा विरळ. मीटर-डेसिमीटर लहरींना दिसते ती ही पोकळी! फ्रान्समधल्या नॉन्सेच्या दुर्बिणीनं १५० ते ४५० मेगाहर्ट्झमध्ये सूर्य बघितला तर फिलामेंटांच्या जागी अंधारे खळगे सापडले. क्रिस्तॉफ मार्के यांचा २००४ चा अभ्यास त्यावरच आहे. काळं दिसतंय, जागाही तीच, पण काळं आहे ते फिलामेंट नव्हे, त्याचं अंगण.

सेंटिमीटर लहरींतही रेडिओतली रेघ एच-अल्फातल्या रेघेपेक्षा रुंद भरते. मुकुल कुंडूंसारख्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात हे बघून ठेवलंय. कारण थंड गाभा आणि लाखो केल्व्हिनचं प्रभामंडल यांच्यामध्ये एक अस्तर असतं, त्यात तापमान झपाट्यानं चढतं. थोडी लहर बदलली की या अस्तराचा वेगळा थर दिसतो. तेव्हा "फिलामेंट रेडिओत दिसतं का" असं विचारलं की मी विचारते, कुठल्या फ्रिक्वेन्सीला? एका टोकाला गाभा, मध्ये अस्तर, दुसऱ्या टोकाला पोकळी.

आणि दुर्बीण महागडी असली की सगळं दिसतं असंही नाही. चिलीच्या वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर ६६ छत्र्यांची अल्मा आहे. तिच्या तीन मिलिमीटर लहरीला सूर्याचा शांत भागच ७,३०० केल्व्हिनच्या आसपास. फिलामेंटही जवळपास तेवढंच. पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू! ताटलीवर फरक फारच थोडा उरतो. म्हणून तिथल्या लोकांनी १९ एप्रिल २०१८ ला कडेवरचा प्रॉमिनन्स गाठला आणि काळ्या आकाशावर त्याचं तापमान मोजलं.

पंत_कल्याणकर

लेख नव्हे, धागा सुरेख चाललाय. हेमांगीताई, मार्च-ऑक्टोबरात टीव्हीवर "सूर्यामुळे व्यत्यय" येतो तो याच जातीचा ना? मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि काही मिनिटं चित्र जातं.

बाकी सूर्याचं रेडिओवेड आणि महाराष्ट्र यांचं नातं खोडदच्याही आधीचं आहे, ते कुणीच सांगितलं नाही म्हणून म्हातारा बोलतोय. पुढं खोडदची दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप तरुणपणी ऑस्ट्रेलियात होते, १९५३ ते ५५. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं सहा-सहा फुटांच्या ३२ छत्र्यांची रांग होती. स्वरूप आणि पार्थसारथी यांनी ती ५०० मेगाहर्ट्झला जुळवून घेतली आणि शांत सूर्य कडेला अधिक उजळ दिसतो का ते तपासलं. पुढं ऑस्ट्रेलियाला त्या छत्र्यांची गरज उरली नाही, त्यांनी त्या भारताला देऊन टाकल्या. १९६५ मध्ये त्याच छत्र्या आमच्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. चोवीस पूर्व-पश्चिम ६३० मीटर रांगेत, आठ उत्तर-दक्षिण. ६१० मेगाहर्ट्झला सूर्य बघायच्या. भारतातली ही पहिली मोठी रेडिओ मांडणी. उटीची रेडिओ दुर्बीण आणि खोडद नंतर आले.

आज कल्याणात कुणाला विचारा, "इथं सूर्याची दुर्बीण होती" म्हटलं की लोक आपल्याकडं बघतात, मग लोकलचं टाइमटेबल विचारतात.

मोरपंखी

काय सांगता पंत! कल्याणची सून असून माहीत नव्हतं. सासूबाईंना फोन लावते.

हेमांगी_क

पंत, अगदी बरोबर, व्यत्यय तोच. उपग्रहाची कुजबुज आणि मागं सूर्याचा ढोल.

ओतूरकर, तुमच्या जिवाला आणखी थंडावा. खोडद आणि नॉन्से या दोन दुर्बिणींचे संदेश एकत्र करून ३२७ मेगाहर्ट्झला सूर्याची चित्रं काढली आहेत, २००६ चं काम आहे. खोडदच्या दूरच्या छत्र्या बारकावे देतात, नॉन्सेच्या जवळच्या जोड्या सूर्याचा मोठा आकार सांभाळतात. मोठ्या छत्र्या एकमेकींना चिकटवून उभ्या करता येत नाहीत, आणि सूर्यासारखी पसरट वस्तू बघायला तर जवळच्या जोड्याच लागतात. सूर्य इतका दणदणीत असतो की संदेश आधी मुद्दाम क्षीण करावा लागतो. एरवी या छत्र्या कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची पुटपूट ऐकतात.

शंकासुर

सगळं छान. पण एच-अल्फात ही रेघ चाळीस मिलिमीटरच्या नळीतून फुकटात दिसते, कोडाईकनालला तर शंभर वर्षांहून जास्त काळ तिचे फोटो काढतायत. मग रेडिओची एवढी यातायात कशाला? ढगातून दिसतं एवढ्यासाठी?

हेमांगी_क

ढगातून दिसतं हेही काही थोडं नाही, जून ते सप्टेंबर आपण काय करतो ते आठवा. पण खरं कारण वेगळं. फिलामेंट शांत बसलेलं असतं तोवर एच-अल्फाच राजा. ते उठलं की गंमत होते.

उठलं म्हणजे झोळी सुटते आणि सगळा वायू वर झेपावतो. वेग सेकंदाला शंभर किलोमीटर झाला की डॉपलरनं (वेगामुळं लहरीची लांबी बदलते त्यानं) लाल रेषा ०.२२ नॅनोमीटर सरकते. भटक्यांच्या दुर्बिणीची खिडकी ०.१ नॅनोमीटरहून अरुंद. झालं, वायू तिथंच आहे, पण खिडकीतून निसटला. बघणाऱ्याला वाटतं फिलामेंट अचानक गायब. जुन्या वह्यांत असल्या "गायब" नोंदी ढिगानं आहेत. काही खरंच उडालेली, काही तापून अदृश्य झालेली, काही नुसती खिडकीबाहेर गेलेली. रेडिओची लहर कुठल्या रेषेला बांधलेली नाही, वेग कितीही असो. नोबेयामाची दुर्बीण सेकंदासेकंदाला चित्र काढायची, त्यामुळं उडणारा प्रॉमिनन्स कडेबाहेर किती वर गेला ते पाऊलपाऊल मोजता आलं. नासातले गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा १८६ घटना तपासल्या. १५२ सरळ वर गेल्या, ३४ आडव्या सरकल्या. १३४ घटनांबरोबर, म्हणजे ७२ टक्क्यांबरोबर, सूर्यानं प्रभामंडलाचा मोठा लोट बाहेर फेकलेला स्पष्ट सापडला. आडव्या जाणाऱ्या बहुतेक मंद, फार उंच न जाणाऱ्या. म्हणजे कुठलं फिलामेंट उठलं की आपल्याकडं लोट येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज. उपग्रहवाल्यांना आणि वीज कंपन्यांना यातच रस.

आणि शंकासुर, तुमच्या माशीबद्दल. हत्तीवरची माशी कधीकधी वजनकाट्यावर कळते हो. उठलेला थंड वायू पसरून ताटलीचा मोठा भाग झाकतो तेव्हा पूर्ण सूर्याची रेडिओ चमकच नेहमीच्या खाली जाते. कॅनडात कव्हिंग्टन १०.७ सेंटिमीटरला रोज सूर्य मोजत. त्यांनी आणि हेलन डॉडसन यांनी १९ मे १९५१ च्या सौरज्वालेच्या, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्याच्या, वेळी अशीच घट पकडली आणि १९५३ मध्ये छापली. चित्र नाही, छत्र्यांची रांग नाही, एकच छत्री आणि एक काटा! असल्या घटनांना ऋण स्फोट म्हणतात. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना घट किती, यावरून त्या वायूचं तापमान आणि वस्तुमान काढता येतं.

शंकासुर

माशी मागे घेतो. हत्तीही.

ओतूरकर

अवांतर: याला मराठीत काय म्हणायचं? पेपरवाले फिलामेंट, ज्वाला, लोट, सगळ्यालाच सौरवादळ म्हणून मोकळे होतात.

पंत_कल्याणकर

सौरतंतू म्हणतात की.

मोरपंखी

तंतू म्हटलं की भेंडीची भाजी आठवते. दोन लाख किलोमीटरच्या वस्तूला जरा वजनदार शब्द द्या.

हेमांगी_क

मी तरी बोलताना फिलामेंटच म्हणते. मात्र "तंतू" अगदी चुकीचा नाही. मोठ्या दुर्बिणीतून बघितलं तर ती रेघ शेकडो बारीक धाग्यांची बनलेली दिसते, शेवयांच्या जुडीसारखी. रेडिओत अजून हे धागे सुटे होत नाहीत, आपल्याला जुडीचं सरासरी तापमान मिळतं. धाग्यांमध्ये फटी किती आहेत हे न कळल्यानं जाडीचे आकडे डळमळतात. या कामातली माझ्या मते सगळ्यात दुखरी जागा हीच.

सिन्नरी_भटक्या

धागा वर काढतोय, कारण बातमी आहे.

रविवारनंतर पाच दिवस रेघ रोज काढून ठेवली, कागदावर पेन्सिलीनं. रोज थोडी पश्चिमेकडं. सहाव्या दिवशी ढग, सातव्या दिवशीही. मग ती कडेपार गेली असणार. ताईंनी "गायब" म्हटल्यापासून जीव टांगणीला, पलीकडं उठून गेली की काय. आपल्याला दिसणारा सूर्याचा फेरा २७ दिवसांचा, म्हणजे मधोमध दिसल्यापासून विसाव्या दिवसाच्या सुमाराला ती पूर्वेच्या कडेवर यायला हवी, असा हिशोब करून कॅलेंडरवर खूण केली.

काल विसावा दिवस. काहीच नाही. आज सकाळी पावणेदहाला पूर्वेच्या कडेवर, कागदावरच्या त्याच अक्षांशाला, एक बुटकी लाल कमान. दोन पाय आणि मध्ये फट. त्या फटीवरून मला तरी ओळख पटली. अर्धा तास बघितली, हलली नाही. फोन आयपीसला लावून फोटो काढले, तीसातला एक बरा आलाय, रात्री चढवतो.

विज्ञान दिनाला खोडदचं प्रदर्शन बघायला जायचं ठरवलंय. ओतूरकर, नारायणगाव स्टँडवरून पुढं कसं यायचं?

ओतूरकर

स्टँडवर उतरून फोन करा, मी जीप घेऊन येतो. पंत, तुम्हीपण या. छत्री बसवली का जागेवर?

सिन्नरी_भटक्या

बसवली. दोन चॅनेल अजून येत नाहीत, त्यातलं एक आईचं.